निवळ पाणी

आमच्या यांना डाग बघवत नसे. पनवेलच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता, आणि देवीच्या वणांनी भरलेला चेहरा घेऊन आलेला माणूससुद्धा तिथून गुळगुळीत होऊन बाहेर पडायचा. काचेखाली दिवा लावून, निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल फिरवत हे तासन्‌तास बसत. वण बुजवत, सुरकुत्या पुसत. एकदा एका म्हातारीनं आपल्या वारलेल्या नवऱ्याचा फोटो परत आणून टेबलावर आपटला, कारण त्याच्या गालावरचा मोठा तीळ यांनी काढून टाकला होता. "ह्यो कोनाचा मानूस दिला मला?" म्हणाली. हे तिच्यावरच रागावले. मला मात्र म्हातारीचं पटलं होतं, आणि तसं मी बोललेही, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

माझं माहेर गव्हाणच्या अंगाला, खाडीकाठी. खाडी आणि आमची भातं यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. भरतीला खाडीचं पाणी शेताच्या वर उभं असतं आणि बांध त्याला थोपवून धरतो. तो गेला तर खारं पाणी आत शिरतं, मग कित्येक वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून उधाणाच्या दिवशी, अवसे-पुनवेला, पाळीपाळीनं एकेका घरचा माणूस बांधावर फिरतो. बांधाच्या आतल्या अंगाला चर असतो. बांधासाठी माती तिथूनच खणलेली असते आणि त्यात बारमाही पाणी असतं. पाळीवरच्या माणसानं खाडीकडे नाही, त्या चराकडे बघायचं असतं. चरातलं पाणी निवळ असलं की बांध धड आहे. गढूळ झालं की समजायचं, बांधाच्या पोटातली माती सुटायला लागली. मग ओरडायचं, आणि गाव पेंढा आणि फावडी घेऊन धावतं. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पनवेलच्या जावयाला ते कोणी मुद्दाम समजावून सांगितलं नव्हतं, एवढंच.

त्या चरात पाणमांजरं होती, आणि यांना त्यांचा फोटो हवा होता. नुसता काठावर बसलेल्या पाणमांजराचा नाही, पाण्याखाली पोहणाऱ्याचा. केसांना बुडबुडे चिकटलेले, तोंडात मासा, असा. लग्नाच्या आणि मुंजीच्या फोटोंना कंटाळलेला माणूस, हौसेला मोल नाही म्हणतात तशातली गत. पण फोटो काढला की चराच्या पाण्यावर आभाळाची चमक तेवढी यायची, पांढरी चादर पसरल्यागत. आत काय आहे ते दिसायचं नाही. तेव्हा कोणीतरी सांगितलं की पोलराइझिंग फिल्टर लावला तर पाण्यावरची चमक जाते. झालं, आम्ही मुंबईला फोर्टात.

साल अठ्ठावन्न. असल्या वस्तू तेव्हा सहज मिळत नसत. दुकानदार म्हाताऱ्या पारशानं आतून दोन फिल्टर आणले. एक पातळ, फिकट, थोडी हिरवट झाक असलेला. दुसरा जाड, पितळी कडीतला, काळपट. यांनी दोन्ही आळीपाळीनं डोळ्याला लावून काउंटरच्या काचेकडे बघितलं. फिकट फिल्टरनं चमक थोडी कमी व्हायची. काळपट फिल्टर बोटांनी फिरवत गेलं की एका जागी काचेवरची चमक पार नाहीशी व्हायची आणि खालचे कॅमेरे उघडे पडल्यासारखे दिसायचे. म्हाताऱ्यानं प्रामाणिकपणे बजावलं की जाड फिल्टर निम्म्याहून जास्त उजेड खातो, हलणाऱ्या जनावराचा फोटो पुसट येईल. उन्हं चांगली हवीत, जनावर क्षणभर थांबायला हवं, आणि पाणी स्वच्छ हवं, कारण फिल्टर चमक काढतो, गाळ काढत नाही. किंमत ऐकून मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड होतोय. यांनी काळपटच घेतला.

दुकानात मीही तो डोळ्याला लावून पाहिला होता. काचेखाली म्हाताऱ्याचा हात होता, एक बोट तुटलेलं. उघड्या डोळ्यांनी बघत होते तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. मी फिल्टर लगेच यांच्या हातात परत दिला.

पावसाळा सरत आल्यावर यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळची एसटी पकडून माझ्या माहेरी जायचं, चराच्या पलीकडच्या काठावर गोणपाट टाकून पालथं पडायचं. पाण्याकडे तिरकं बघितलं तरच फिल्टर चालतो, उभं राहून खाली बघितलं तर नाही. आमचा कॅमेरा दोन भिंगांचा, वरच्यातून बघायचं आणि खालच्यातून फोटो निघायचा. म्हणून फिल्टर आधी डोळ्याशी धरून फिरवायचा, चमक गेली की कडीवरची पांढरी खूण कुठं आली ते ध्यानात ठेवायचं आणि तो तसाच खालच्या भिंगावर बसवायचा. एवढं होईपर्यंत पाणमांजर गव्हाण सोडून उरणला पोचलेलं असायचं.

माझा थोरला भाऊ जगन, मी त्याला दादा म्हणते, यांच्या या उद्योगावर फार खूश. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण आमच्या दादानं त्याला देव्हाऱ्यात बसवलं होतं. किटलीतून चहा घेऊन तो स्वतः चरावर जायचा. शेतावरची पोरं गलका करायला लागली की त्यांना हाकलायचा. गावात कोणी हसलं तर म्हणायचा, "आमचं भावजी कलाकार हायेत. तुमाला काय कलतंय?" जावयाला चिखलाचं काम सांगायचं नाही आणि जावई काय करतो ते विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं हे तिथं पालथं पडून काय बघतात, हे कोणी विचारलंच नाही.

भाद्रपदातल्या चतुर्दशीला हे संध्याकाळी घरी आले तेव्हा कोपरापर्यंत चिखल सुकलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, पाय घसरला. घसरलेल्या माणसाचे कपडे भरतात, नुसते हात नाही. पण दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अवस, सासऱ्यांचं पान घालायचं, डाळ वाटायची होती. मी कामाला लागले.

सकाळी मी वडे तळायला घेतले होते. हे कॅमेऱ्याची पिशवी भरून चहाला येऊन बसले.

"आज तरी थांबा," मी म्हटलं. "मामंजींचं पान आहे. कावळ्याला घास कोण ठेवणार?"

"दुपारी येतो. आज पाणी निवळ मिळणार आहे, सत्यवती. काल अख्खा दिवस फुकट गेला."

"का?"

"बिळातून गढूळ यायला लागलं. नुसत्या डोळ्यांना काही नाही, वर चमक. पण फिल्टर लावला की दिसायचं, उदबत्तीच्या धुरासारखी बारीक धार. जनावर बरोबर त्या धुरात शिरायचं. चमक घालवली तर हे नवीन."

मी हातातला वडा तसाच पानावर ठेवला. "कुठलं बीळ?"

"त्यांचंच. महिना झाला मला सापडून. बांधाला आहे, पाण्याखाली. मी बोललो नाही कोणाला, गावात कळलं तर मारून टाकतील बिचाऱ्यांना."

"बांधाला? आतल्या अंगाला, चरात?"

"हो."

"आणि धार किती वाजता दिसली?"

"बारा वाजले असतील. पण मी बंदोबस्त केला ना." ते हसले, फोटोतला वण काढल्यावर हसायचे तसे. "पाण्यात उतरलो, चांगली चिकणमाती घेतली, दगड घातले आणि बीळ ठासून बुजवलं. तासाभरात पाणी काचेसारखं. जनावरांना दुसरं तोंड असणारच कुठंतरी."

चतुर्दशीचे बारा म्हणजे भरतीचे बारा. खाडीचं पाणी त्या बिळातून बांधाच्या पोटात शिरलं होतं, माती खात खात चरात उतरत होतं, आणि यांनी चराकडचं तोंड दाबून टाकलं होतं. पाणी आता बांधाच्या आतच कोंडलेलं. आणि पाळीवरच्या माणसाला ज्या पाण्याकडे बघून कळायचं, ते पाणी यांनी स्वच्छ करून ठेवलं होतं.

"आज पाळी कोणाची आहे?" मी विचारलं.

"जगनचीच. काल म्हणाला, उद्या मीच हाय, चहा आनतो."

मी चुलीतली लाकडं मागं ओढली. सर्वपित्रीला चूल अर्ध्यात विझवू नये म्हणतात. मी तिच्यावर पाणी ओतलं.

"अहो, ती धार म्हणजे बांध सांगत होता की मी चाललो. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत."

"काहीतरीच काय? भोक बुजवलं म्हणजे बांध पक्का झाला की."

"बाहेरून बुजवतात, ओहोटीला. आतून बुजवत नाहीत."

यांनी चपला घातल्या. त्यांना पटलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही, पण ते माझ्याबरोबर निघाले. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला होतीच. ती बघून माझं डोकं भणभणलं, पण भांडायला वेळ नव्हता.

पहिली गाडी गेली होती. दुसरी आली तेव्हा ऊन चांगलं वर चढलेलं. गाडीत आमच्या शेजारी गंगाबाई कोळीण बसली होती, मासे विकून रिकाम्या पाट्या घेऊन परत निघालेली. मी खिडकीबाहेर सारखी बघते आहे हे तिच्या ध्यानात आलं.

"आज लय पानी चढनार गो," ती म्हणाली. "आमच्या घरच्यांनी होडी घरापाशी बांधली हाय. आसलं उधान वरसातून येकदाच."

खाडी दिसायला लागली तेव्हा भरती अजून पूर्ण व्हायची होती, तरी तिवरांचे नुसते शेंडे पाण्यावर होते. वारा नव्हता. पाणी इतकं संथ वर येत होतं की चढतंय हे कळायचं नाही. दर वळणावर बघितलं की आणखी एक फांदी बुडालेली असायची. हे पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. एकदा म्हणाले, "तू म्हणतेस तेवढं नसेलही."  मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि त्या भीतीतच देवाला म्हणत होते की यांचंच खरं होऊ दे, मी जन्मभर यांच्यापुढं मान खाली घालून राहीन.

गावात शिरलो तर घराघरातून वड्यांचा वास. सगळी पुरुषमाणसं आंघोळ करून, पितरांची पानं वाढायची वाट बघत घरात. गल्लीत कोणी नव्हतं. आमच्या घरी वेणूवहिनी केळीचं पान पुसत होती. मी उंबऱ्याबाहेरूनच ओरडून सांगितलं, "वहिनी, धर्मराजकाकांना सांग, बांध आतून पोकळ झालाय, माणसं पाठव." ती पान तसंच टाकून पळाली. आम्ही शेताकडे धावलो.

भात निसवलेलं होतं. मधल्या वरंब्यावरून जाताना लोंब्या दोन्ही हातांना लागत होत्या. लांबून बांध दिसला, आणि त्याच्यावर दादा. डोक्याला पांढरं फडकं, खांद्यावर फावडं, हळूहळू चालत होता. त्याच्या पाठीमागं खाडी बांधाच्या काठोकाठ आलेली, त्याच्या घोट्यांच्या उंचीला. मी हाक मारली. त्याला आवाज गेला असावा, कारण तो थांबला आणि आमच्याकडे बघायला लागला. मी दोन्ही हात हलवून खाली उतर, खाली उतर असं करत होते.

दादाला वाटलं, मी विचारते आहे. बांध कसा आहे, असं. पाळीवरच्या माणसाला लांबून तेच विचारतात.

त्यानं नेमानं केलं. चराच्या बाजूला वाकून पाण्याकडे नीट बघितलं, सावकाश, इकडून तिकडे. मग सरळ उभा राहिला आणि हात वर करून पंजा उघडा दाखवला. म्हणजे पाणी निवळ आहे, काळजी नाही. एवढ्या लांबूनही मला कळलं की तो हसतो आहे, कारण बहीण आणि जावई सणाचे आले होते.

बांध फुटताना मोठा आवाज होतो असं लोकांना वाटतं. आवाज मागाहून आला. आधी दादाच्या पायाखालचा बांध नुसता बसला, खाटेची सुंभं तुटल्यावर माणूस बसतो तसा. फावडं वर दिसलं. मग खाडी आत आली.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. धर्मराजकाका आणि गावची सगळी माणसं पेंढ्याचे भारे घेऊन आली तोवर बांधाला पडलेली खांड बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली होती. पेंढा टाकला की काडीसारखा वाहून जायचा. पाणी भातातून शांतपणे पुढं सरकत होतं, लोंब्या एकेक करून आडव्या होत होत्या. गावात पितरांची पानं वाढलेली तशीच राहिली आणि कावळ्यांनी ती घरात शिरून खाल्ली. यांनी पिशवी चिखलात टाकली आणि छातीभर पाण्यात उतरून दादाला शोधलं, ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. ते मी नाकारणार नाही. ओहोटीला दादा विहिरीजवळच्या कुंपणात अडकलेला सापडला. त्याला खांद्यावर घेऊन घरी आणणाऱ्यांत हेही होते.

दादाला पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी गाव आमच्या अंगणात बसलं. बांध पुन्हा घालायचा तर आधी ठरवायला हवं होतं की तो गेला कसा. रीत अशी की पाळीवरच्या माणसानं हयगय केली असेल तर खांड त्या घरानं भरून द्यायची, आणि त्या घराला पुन्हा पाळी मिळत नाही. पाळी नाही म्हणजे गावात शब्द नाही. मागं कोणीतरी हळूच बोललं, आणि हळूच बोललेलं नेमकं ऐकू येतं. "सणाचा दिस. जगन्याला डोला लागला आसंल."

वेणूवहिनी दाराशी बसली होती. "माजा मानूस झोपनारा नव्हता," ती म्हणाली. एवढंच. तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

धर्मराजकाका बांधाच्या पाळ्या लावायचे. त्यांनी यांच्याकडे वळून हात जोडले. जावयाला जाब विचारायचा नसतो, म्हणून त्यांनी तो विनंतीसारखा विचारला. "जावईबापू, तुमी म्हयनाभर चराकाठी पडून असायचे. आमच्यापरीस तुमी ते पानी जास्त बघितलंय. आदल्या दिशी कुठं गढूल दिसलं व्हतं का? पानी गढूल झाल्याबिगर बांध जात न्हाय, तवा तुमाला दुसरं काय ठावं नसंल तर हयगय जगनचीच धरावी लागंल. खरं काय ते सांगा."

सगळे यांच्याकडे बघत होते. यांचा चेहरा काळवंडला होता, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. मला वाटलं, आता सांगतील. माझा नवरा लबाड नव्हता. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मला त्यांचं खोटं कधी सापडलं नव्हतं, आणि त्या क्षणी माझा जीव त्यांच्यासाठीही तुटत होता.

"चमक होती पाण्यावर," हे म्हणाले. "आतलं काही दिसत नव्हतं."

 धर्मराजकाकांनी मान हलवली.  मग काका वेणूवहिनीकडे वळायला लागले, अगदी हळू, कारण तिला आता जे सांगायचं होतं ते त्यांनाही जड होतं.

"दिसत होतं," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी नको म्हणाले. ती नजर मला अजून विसरता येत नाही.

"काका, दिसत होतं. चतुर्दशीला बांधातून गढूळ धार येत होती. यांच्याकडं फिल्टर आहे, त्यातून बघितलं की पाण्यावरची चमक जाते, म्हणून यांना दिसली. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. फोटो खराब होतो म्हणून यांनी आतून बीळ बुजवलं. दादा झोपला नव्हता. त्यानं माझ्या डोळ्यांदेखत वाकून पाणी बघितलं आणि हात वर केला. पाणी निवळच होतं. ते निवळ यांनी केलं होतं."

मी सगळं बोलले. अंगणात बायका होत्या, पोरं होती. काहींना फिल्टर म्हणजे काय ते कळलंही नसेल, पण बीळ आतून बुजवलं हे सगळ्यांना कळलं. धर्मराजकाका उठून उभे राहिले. मग म्हणाले, "जगनच्या घरची पाळी हाय तशी चालू राहील. खांड गाव भरंल."

यांना कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर धावून गेलं नाही. वेणूवहिनी उठली, माझ्याजवळ आली आणि माझा दंड धरून मला दाराशी स्वतःच्या शेजारी बसवलं. हे अंगणाच्या मधोमध उभे होते. माणसं उठून एकेक करत फावडी घेऊन बांधाकडे निघाली, आणि माझ्या माहेरात पहिल्यांदाच त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.